आपल्या गटाला किती?

दरवर्षी मार्चमध्ये जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पाची एक पुस्तिका निघते. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च, मधे मूळ अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाजपत्रक यांचे रकाने. पूर्वी ती स्टेपल मारलेली असायची, हल्ली पीडीएफ येते. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या अशा काही पुस्तिका मी गेल्या वर्षभरात वाचल्या. माझं काम सॉफ्टवेअरचं, नोकरी पुण्यात. गाव नायगाव तालुक्यात आणि आजोळ अहमदपूरकडे, म्हणजे एक जिल्हा बापाकडून आणि एक आईकडून आलेला. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचायची सवय असली की असल्या पुस्तिका वाचणं फार अवघड जात नाही. कुठली ओळ खरंच काही करते आणि कुठली नुसती मागच्या वर्षीची कॉपी आहे, ते थोड्या वेळाने दिसायला लागतं.

मला खरं तर उमेदवारांबद्दल शोधायचं होतं. अमेरिकेत काउंटीची, म्हणजे ढोबळमानाने त्यांच्या जिल्ह्याची निवडणूक लागली की तिथलं छोटं वर्तमानपत्र किंवा नागरिकांची एखादी संस्था सगळ्या उमेदवारांना एक ठरलेला प्रश्न पाठवते: अर्थसंकल्पात तुमचा प्राधान्यक्रम काय? उमेदवार शंभर-दोनशे शब्दांत उत्तर देतात. रस्ते आधी की शेरीफचं खातं आधी, घरपट्टी वाढवणार की नाही, वाचनालयाचं काय. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या उमेदवारांनी असं काही कधी सांगितलं असेल का, याची मला उत्सुकता होती. माझ्याकडे फेब्रुवारी २०१७च्या निवडणुकीतली काही पत्रकं होती, घरातल्या जुन्या वह्यांमध्ये राहून गेलेली. ती सगळी एका ठिकाणी मांडली. शिवाय यंदा इच्छुक असलेल्या तिघांना विचारलं. सगळ्या उत्तरांचा सूर एकच: आपल्या गटाला जास्तीत जास्त निधी खेचून आणू. गावागावात सिमेंट रस्ते, सभामंडप, पथदिवे, स्मशानभूमीचं शेड. निधी कुठून खेचणार आणि तो खेचल्यावर कुणाचा कमी होणार, हे कुणीच सांगितलेलं नाही.

आपल्या उमेदवारांना समज नाही, असं म्हणून हसणं सोपं आहे. पुण्यातले माझे मित्र तेच करतात. पण पुस्तिका जितक्या वाचल्या तितकं मला वाटत गेलं की उमेदवार त्यांच्या परीने बरोबर बोलतायत. जिल्ह्याचा पैसा ठरवायची एकेक कळ साठ वर्षांत जिल्हा परिषदेच्या हातातून काढून घेतली गेली आणि ‘आपला गट’ एवढीच उरली. हे कसं झालं ते बघायला थोडं मागं जावं लागतं, थेट निजामाच्या काळात.

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जास्तीचा घेतला जायचा. त्याला लोकल फंड म्हणत. रस्ते, शाळा, दवाखाने यासाठी हा पैसा, आणि तो खर्च करायला जिल्हा आणि तालुका बोर्डं. बोर्डावर बहुतेक सरकारी अधिकारी, अध्यक्ष अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. शेतकऱ्याकडून आणा गोळा व्हायचा, पण त्याचं काय करायचं हे त्याला कुणी विचारायचं नाही. सप्टेंबर १९४८मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आजचा लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होता.

मग महाराष्ट्र झाला आणि लगेच १९६० साली महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याआधी केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीकडे मुख्य सत्ता असावी असं सुचवलं होतं. नाईक समितीने वेगळा मार्ग धरला: ताकद जिल्ह्याला द्या. कायदा १९६१चा, आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टरला या रचनेतून बाहेर ठेवलं, त्याच्याऐवजी मुख्य कार्यकारी अधिकारी आणला. आमदार-खासदारांनाही सभागृहाबाहेर ठेवलं. ही दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्रामीण भागाचा पैसा जिल्हा परिषदेचे निवडून आलेले सदस्य ठरवतील, मुंबईला जाणाऱ्यांनी मुंबईचं बघावं, अशी ती विभागणी होती. ‘मिनी मंत्रालय’ हे नाव आता चेष्टेत घेतलं जातं. सुरुवातीला ते चेष्टेचं नव्हतं.

त्या काळच्या सदस्याच्या हातात काय होतं बघा. प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेचं, आरोग्य केंद्रं तिची, जिल्ह्यातले बहुतेक रस्ते तिचे, पशुसंवर्धन, शेतीच्या योजना, छोटे तलाव, पिण्याचं पाणी तिचं. कुठल्या गावाला आधी शाळाखोली द्यायची आणि कुठल्या गावाला आधी रस्ता, हा खरा प्राधान्यक्रमाचा प्रश्न होता आणि तो सभागृहात भांडून सुटायचा. म्हणूनच त्या सभागृहातून पुढे मोठी माणसं निघाली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, मग उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती, आणि १९८०ला आमदार. त्या पिढीला जिल्ह्याचा अर्थसंकल्प म्हणजे काय ते पंचायत समितीच्या खुर्चीत बसून कळलेलं होतं.

एक दुबळेपणा मात्र पहिल्या दिवसापासून होता. जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः जमीन महसुलावरचा उपकर, रुपयामागे २० पैसे. निजामाच्या एका आण्याचाच हा वारसदार. आता तुमच्या शेताचा सातबारा मोबाइलवर उघडा आणि ‘आकार’ या शब्दासमोर काय लिहिलंय ते पाहा. काही रुपये आणि पैसे. त्या आकारावर उपकर. जमिनीची किंमत एकरी लाखांत गेली, पण आकार जिथल्या तिथेच. यात भर म्हणून मुद्रांक शुल्कातला वाटा मिळतो, पण तो जमिनीचे व्यवहार जिथे जोरात तिथेच मोठा. पुणे जिल्हा परिषद यावर श्रीमंत झाली. हिंजवडीत फ्लॅट विकला की त्यातला काही अंश पुण्याच्या ग्रामीण भागाला जातो. तो फ्लॅट घेणारा नांदेड-लातूरचाच असतो बऱ्याचदा, हा भाग वेगळा. देगलूर किंवा देवणीत असे व्यवहार किती होणार?

बाकीचा सगळा पैसा सरकारचा. पुस्तिकेत त्याला हस्तांतरित योजना आणि अभिकरण योजना अशी नावं आहेत. त्यातला मोठा हिस्सा शिक्षकांच्या पगाराचा. तो जिल्हा परिषदेच्या हिशेबातून नुसता वाहत जातो. कॅनॉलचं पाणी कडेच्या कोरड्या शेतापासून जातं तसा. त्यातला एक रुपयाही वळवायचा अधिकार सभागृहाला नाही.

पहिली गळती १९७२च्या दुष्काळानंतर सुरू झाली. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची तिसरी सार्वत्रिक निवडणूक झाली होती. मराठवाड्यात त्या पिढीची माणसं अजून ‘बहात्तर’ एवढंच म्हणतात, पुढे दुष्काळ शब्द जोडावा लागत नाही. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग. आमच्या भागातले कितीतरी पाझर तलाव तेव्हाचे. यातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, कायदा १९७७चा, अंमल १९७९पासून. ही योजना जगात नावाजली गेली आणि ते योग्यच होतं. पण जिल्ह्यातली तिची सूत्रं कलेक्टरकडे गेली. ज्या कलेक्टरला १९६२ला बाहेर बसवलं होतं, तो ग्रामीण भागातल्या सगळ्यात मोठ्या खर्चाचा पुन्हा प्रमुख झाला. त्याच दशकात जिल्हा नियोजन आणि विकास मंडळं आली. अध्यक्ष पालकमंत्री आणि सभेत आमदार-खासदार. नाईक समितीने पुढच्या दारातून बाहेर काढलेले लोक मागच्या दाराने आत आले.

मराठवाड्यातल्या राजकारणाला तेव्हा एक वेगळा शब्द मिळाला होता: अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्याचा अनुशेष मोजून ठेवला. राज्याचा मिळून ३,१८६ कोटींचा, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के. या मोजणीने मराठवाड्याच्या मागणीला आकडा मिळाला. एक तोटा झाला, तो फारसा कुणी बोलत नाही. भांडणाची जागा जिल्ह्यातून मुंबईला गेली. प्रत्येक उमेदवार, अगदी पंचायत समितीचासुद्धा, अनुशेषावर बोलायला लागला. ‘मुंबईने आमचं दिलं नाही’ हे खरंच होतं, पण ‘जे आलं ते किनवटच्या तांड्याला किती आणि रस्त्याकडेच्या मोठ्या गावाला किती’ हा प्रश्न त्या गोंगाटात बुडाला. हा दुसरा प्रश्न विचारायची जागा जिल्हा परिषद होती.

आणि त्या काळात जिल्हा परिषदेची निवडणूकच होत नव्हती. १९७९नंतरची पुढची सार्वत्रिक निवडणूक थेट १९९२ला झाली. मधली तेरा वर्षं मुदतवाढ, आश्वासनं आणि प्रशासक. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. म्हणजे नवा जिल्हा, नवी जिल्हा परिषद, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी दहा वर्षांची वाट. शाळा कुठे, दवाखाना कुठे, तालुक्याचे रस्ते कुठून कुठे, नव्या जिल्ह्याची घडी बसताना हे प्रश्न ठरतात. लातूरच्या मतदाराला त्या दहा वर्षांत ते मतपेटीतून सांगता आलं नाही.

माझे एक मामा १९९२ला जिल्हा परिषदेला उभे होते. पडले. आजही पडल्याचं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो, कारण मतं बरी पडली होती. मी पुस्तिका घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओसरीवर बसले होते.

“काय वाचायलास एवढं?”

“झेडपीचं बजेट, मामा.”

“आम्ही उभं होतो, आम्ही बी कधी वाचलं नाही. तू कामाला नाहीस का सध्या?”

प्रचारात काय सांगायचात, असं विचारल्यावर त्यांनी बोटं मोजली. हापसे. शाळेला पत्र्याच्या खोल्या. गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. आणि मास्तरांच्या बदल्या. “बदली म्हंजी लई मोठी गोष्ट, बाबा. मास्तर तुझा झाला की अख्खा वाडा तुझा.” मी म्हटलं, बदली अर्थसंकल्पात कुठं येते? ते म्हणाले, “तुझ्या पुस्तकात नसंल. आमच्या बजेटमधी तीच पहिली.”

मामांचं हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होतो. सदस्याच्या हातात खरी जी ताकद होती ती पैशाची कमी आणि माणसांची जास्त: कुणाची बदली, कुणाची नेमणूक, कुणाला शिलाई मशीन, कुणाला फवारणी पंप. पैसा वरून ठरून यायचा, खाली नावं ठरायची.

मग आलं १९९३. हे एक वर्ष नीट बघण्यासारखं आहे. २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायत राज घटनेत गेलं, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांना एक तृतीयांश जागा. १९७९ ते ९२ सारखं पुन्हा होऊ नये म्हणूनच ही तरतूद. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं गेली, लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. लातूर जिल्ह्याच्या इतिहासातलं हे बहुधा सगळ्यात मोठं बांधकाम. वर्ल्ड बँकेचं कर्ज, राज्य सरकारची स्वतंत्र यंत्रणा, देशभरातून आलेल्या संस्था. जेमतेम दीड वर्षापूर्वी निवडून आलेलं जिल्हा परिषदेचं सभागृह या निर्णयांच्या कडेला उभं होतं. इतक्या मोठ्या संकटात राज्याने पुढाकार घेणं समजू शकतं. पण औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या माणसाला तेव्हा जे दिसलं ते मनात राहिलं असणार: घर हवं तर मुंबईकडे बघा, झेडपीकडे नाही.

आणि २३ डिसेंबर १९९३ला खासदार निधी योजना जाहीर झाली. एप्रिलमध्ये घटनेने सांगितलं, गावजिल्ह्याचं गावजिल्ह्याने ठरवावं. डिसेंबरमध्ये दिल्लीने खासदाराला गावातली कामं सुचवायला वेगळा पैसा दिला. आज खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, आमदारालाही ५ कोटी. नांदेडमध्ये विधानसभेचे ९ मतदारसंघ, म्हणजे आमदारांचेच ४५ कोटी. लातूरमध्ये ६, म्हणजे ३० कोटी. शिवाय ग्रामविकास खात्याचं ते प्रसिद्ध ‘२५१५’. तुमच्या गावातल्या सिमेंट रस्त्याच्या पाटीवर हा आकडा नक्की असेल. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचं ते लेखाशीर्ष. लोकांना हा आकडा पाठ आहे, आपल्या जिल्हा परिषद गटाचं नाव सांगता येत नाही.

आता परत पुस्तिकेकडे. स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के समाजकल्याणला, १० टक्के महिला व बालकल्याणला, ५ टक्के दिव्यांगांना, पाणीपुरवठ्याच्या देखभालीचा वाटा वेगळा. हे वाटे कायद्याने आणि शासन निर्णयांनी बांधलेत आणि ते बांधलेलेच बरे. सभागृहावर सोडलं असतं तर दलित वस्तीपर्यंत त्यातलं किती पोचलं असतं, याबद्दल माझ्या मनात भ्रम नाही. त्यानंतर मानधनं, गाड्यांचं डिझेल, इमारतींची दुरुस्ती. मग जे उरतं त्याला सगळे ‘सेस’ म्हणतात, आणि खरं राजकारण तिथे होतं. ते कसं, तर भागाकाराने. समजा हातात १ कोटी उरला. २०१७ला लातूरमध्ये ५८ सदस्य होते, नांदेडमध्ये ६३. समान वाटप केलं तर लातूरच्या सदस्याला १ लाख ७२ हजार, नांदेडच्या सदस्याला १ लाख ५९ हजार. एवढ्यात नालीचा एक तुकडा होतो, किंवा शाळेचं रंगकाम. पण वाटप समान झालं नाही की सभेत गोंधळ, सभात्याग, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

भागाकार आला की प्राधान्यक्रम संपतो. जिल्ह्यातल्या सगळ्यात मोडक्या वीस शाळांना पाच वर्षांत आधी दुरुस्त करू, असा निर्णय घ्यायचा तर कित्येक सदस्यांना एखाद्या वर्षी शून्य घ्यावं लागेल. शून्य घेऊन गावात कोण जाईल? म्हणून उमेदवार जे पत्रकात लिहितो, आपल्या गटाला किती, ते त्या सभागृहाच्या खऱ्या कामकाजाचं अगदी अचूक वर्णन आहे.

केरळमध्ये १९९६ साली सरकारने योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांकडे द्यायचा ठरवला आणि गावागावात त्यावर सभा झाल्या. तिथे सगळं छान चाललं असं नाही. पण वाटून घ्यायला लाख-दीड लाख नसून खरी रक्कम असते तेव्हा माणसं वेगळं बोलतात, एवढं त्यातून दिसतं. आपल्याकडे उलट झालं. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात केंद्राचा सगळा पैसा ग्रामपंचायतींना दिला, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला शून्य. ग्रामपंचायतीला पैसा मिळाला याचा मला आनंदच आहे. पण २०१७ची निवडणूक याच काळात झाली हे लक्षात ठेवा.

ती निवडणूक १६ फेब्रुवारी २०१७ला झाली. मी इंजिनिअरिंगला होतो, पहिल्यांदाच मत देत होतो. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पाणी आणलं होतं, पहिल्या फेरीत दहा वॅगनमधून पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं. मग पावसाळ्याच्या शेवटी इतकं पडलं की धरण भरलं. या सगळ्यानंतर झालेल्या निवडणुकीत पाण्यावर बोलणं साहजिक होतं, आणि उमेदवार बोललेही. पण मांजराचं पाणी उसाला किती आणि पिण्याला किती, हे जिल्हा परिषद ठरवत नाही. टँकरचा पैसा टंचाईच्या निधीतून, कलेक्टरच्या हातून. उमेदवार ज्या विषयावर सगळ्यात जास्त बोलले तो त्यांच्या पुस्तिकेत जवळजवळ नव्हताच. लातूरला सत्तांतर झालं, भाजपला बहुमत मिळालं. नांदेडला काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष राहिला.

निकाल २३ फेब्रुवारीला लागला. २७ फेब्रुवारीला शासन निर्णय निघाला आणि शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. त्याआधी, २०१६च्या अखेरीस, वैयक्तिक लाभाच्या वस्तू वाटण्याऐवजी लाभार्थ्याच्या खात्यात पैसे टाकायचं ठरलं होतं. म्हणजे शिलाई मशीन देतानाचा फोटो गेला आणि मास्तरची बदलीही गेली. मामांच्या बजेटमधली पहिली ओळ एका सॉफ्टवेअरने खोडली. माझा धंदाच तो, त्यामुळे मला यात वाईट वाटायचं कारण नाही. बदल्यांच्या बाजारात शिक्षकांनी काय भोगलंय ते घरोघर माहीत आहे. पण कोणत्याही सिस्टिममधून वाईट अधिकार काढला तर जागेवर चांगला अधिकार ठेवावा लागतो. इथे काढणं तेवढं झालं. सदस्याकडे ना पैसा ठरवायचा राहिला, ना नावं.

मग मार्च २०२२मध्ये मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला, गट किती असावेत यावर सरकारं बदलतील तसे बदललेले निर्णय, तारखांवर तारखा. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ला सांगितलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत गेली. मी हे २०२५च्या शेवटी लिहितोय. नगरपालिकांचं मतदान डिसेंबरात झालं, जिल्हा परिषदेचं अजून नाही. २०२२पासून अर्थसंकल्प कसा मंजूर होतो माहीत आहे? मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक. प्रस्ताव प्रशासनाचा आणि मंजुरी प्रशासकाची, म्हणजे त्याचीच. स्वतःच लिहिलेला कोड स्वतःच तपासून स्वतःच चढवायचा, असं माझ्या टीममध्ये कुणी केलं तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं येईल. त्या खुर्चीत बसलेली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. काही पुस्तिका तर आधीपेक्षा नीटनेटक्या आहेत, गोंधळही नाही, सभात्यागही नाही.

नुकसान मात्र रोख झालं. पंधराव्या वित्त आयोगाने जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला पुन्हा प्रत्येकी १० टक्के वाटा दिला होता. पण अट अशी की निवडून आलेली संस्था हवी. प्रशासक बसला आणि तो वाटा अडला. नियोजन समितीचंही तसंच. घटना म्हणते की तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत. ते सदस्यच नाहीत, मग बैठकीत पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. १९९४ला आलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदतही एप्रिल २०२०ला संपली. नांदेडची ३३ लाख आणि लातूरची २४ लाख लोकसंख्या (तीही २०११ची) आणि जिल्ह्याच्या पैशावर जाहीर प्रश्न विचारायची जागा एकही नाही.

माझी धाकटी बहीण २०१७ला पंधरा वर्षांची होती. आता तिची नोकरी सुरू होऊन वर्ष झालं. जिल्हा परिषद नावाची संस्था निवडून येते हे तिला पुस्तकातून माहीत आहे.

यंदाचे जे तीन इच्छुक म्हणालो, त्यातला एक औसा तालुक्यातला, माझ्याच वयाचा, खतांचं दुकान चालवतो. आरक्षण काय निघेल यावर त्याचं सगळं अडलंय. महिलेसाठी निघालं तर बायको उभी राहील, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी बायकोला विचारलंस का, असं विचारलं. तो हसला. मी त्याला जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पाची पीडीएफ पाठवली आणि लिहिलं, सेसमध्ये उरतं एवढंच, यात तू आधी काय करशील? दोन दिवस काही नाही. मग रात्री अकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याने खरंच बरीच पानं पाहिली होती. म्हणाला, शाळा दुरुस्तीच्या समोरचा आकडा आणि आमच्या एका शाळेच्या छताचं एस्टिमेट यांचा मेळच लागत नाही, हे पूर्ण जिल्ह्याचं आहे का एका तालुक्याचं? पूर्ण जिल्ह्याचं, मी लिहिलं. थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला, बायकोच्या आवाजात. तिला विचारायचं होतं की मागच्या तीन वर्षांचंही पाठवता येईल का, आणि त्यात आमच्या तालुक्याच्या शाळांची यादी कुठल्या पानावर असते.

यादी पुस्तिकेत नसते. ती शिक्षण विभागाकडे वेगळी मागावी लागते. मी तसं कळवलंय.